धृपद धरणाऱ्यांची नावे

ऑक्टोबर २०२२ मध्ये टेलर स्विफ्टचा 'मिडनाइट्स' हा अल्बम आला, तेव्हा त्यातील 'स्नो ऑन द बीच' या गाण्याच्या शीर्षकाला जोडून लाना डेल रे हिचे नाव सहगायिका म्हणून दिलेले होते. प्रत्यक्ष गाण्यात मात्र लानाचा आवाज शोधावा लागत होता. तिला स्वतंत्र कडवे नव्हते. स्विफ्टच्या आवाजामागे तो धुक्यासारखा पसरलेला होता. चाहते नाराज झाले आणि ही नाराजी इतकी टिकली की मे २०२३ मध्ये त्याच गाण्याची नवी आवृत्ती निघाली, तीही आता लाना अधिक ऐकू येईल असे शीर्षकातच सांगत. त्या वेळी जो वाद झाला तोच निमित्ते बदलून पुन्हा पुन्हा होत असतो. कोणी म्हणतो, एवढ्या मोठ्या गायिकेला मागे उभे करणे हा तिचा अपमान आहे. कोणी म्हणतो, मोठ्या नावाचा हा विक्रीपुरता वापर आहे. आणि कोणी याच्या उलट टोकाला जाऊन म्हणतो की खरा कलावंत नाव न लावताच गातो, नावाचा आग्रह धरणे हेच मुळी संगीताला धरून नाही.

या तिन्ही म्हणण्यांत एक गल्लत समान आहे. शीर्षकात नाव झळकवणे ही जाहिरात असते आणि गाण्यात कोण कोण गायले हे लिहून ठेवणे ही नोंद असते. वाद घालणारे एकीविषयी बोलता बोलता दुसरीचा निकाल लावून मोकळे होतात. माझे मत असे आहे की प्रसिद्ध गायकाने दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणात मागे गाणे यात कमीपणा तर नाहीच, उलट गाण्याच्या दृष्टीने ते फार मोलाचे काम आहे. त्याची जाहिरात करण्याचे कारण नाही, पण नोंद झालीच पाहिजे, आणि ती त्या प्रसिद्ध गायकापुरती न राहता त्याच माइकपुढे उभ्या असलेल्या प्रत्येक अप्रसिद्ध गायकाचीही तितक्याच काळजीने झाली पाहिजे. लाना त्या गाण्याच्या लेखनातही सहभागी होती, म्हणजे तिचा वाटा मोठाच होता. पण शीर्षक वाचून श्रोता आवाजाची अपेक्षा धरतो. श्रोत्यांची निराशा ती मागे गायली म्हणून झाली नाही. शीर्षकाने जे कबूल केले ते गाण्यात सापडले नाही म्हणून झाली. तेच नाव आतल्या श्रेयनामावलीत मागचा आवाज म्हणून बारीक अक्षरांत आले असते, तर तक्रारीला जागा कुठे होती?

आधी कमीपणाचा मुद्दा घेऊ. मुख्य गायकाला आपला आवाज उलगडून दाखवायचा असतो, मागच्याला तो आवरायचा असतो. श्वास दुसऱ्याच्या श्वासाबरोबर घ्यायचा, शब्दाच्या शेवटचे व्यंजन जवळजवळ गिळून टाकायचे, कारण चार तोंडांतून चार वेगवेगळ्या क्षणी 'स' उमटला तर ओळ फाटते, आणि सूर इतका नेमका लावायचा की तो वेगळा ऐकू न येता मूळ आवाजच भरदार वाटावा. मायकेल मॅक्डॉनल्ड हा डूबी ब्रदर्स या गाजलेल्या बँडचा मुख्य गायक असताना १९७७ मध्ये स्टीली डॅन या बँडच्या 'पेग' या गाण्यात मागे गायला. त्या ध्रुवपदातील सूर एकमेकांना इतके खेटून बसवलेले आहेत की शेजारचा सूर कानावर पडला की आपला निसटावा. असा एकेक सूर तो स्वतःच वेगवेगळा गाऊन एकावर एक चढवत गेला. १९७१ च्या फेब्रुवारीत नील यंग, लिंडा रॉन्स्टॅट आणि जेम्स टेलर जॉनी कॅशच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या निमित्ताने नॅशव्हिलमध्ये होते. तेथील स्टुडिओत यंगच्या 'हार्ट ऑफ गोल्ड'मागे ती दोघे गायली, आणि टेलरने त्याच मुक्कामात यंगच्या दुसऱ्या एका गाण्यासाठी बँजोही हाती घेतला. टेलर त्या काळी स्वतः ऐन भरात होता. यंगचा आवाज नाजूक आणि किंचित थरथरता आहे. त्याला ते दोन आवाज येऊन मिळतात तेव्हा एकटा माणूस बोलता बोलता त्याच्याजवळ कोणीतरी येऊन बसावे तसे वाटते. हे ऐकून कोणाची प्रतिष्ठा कमी झाली असे म्हणता येईल?

मराठी माणसाला तर हा प्रश्न पडण्याचेच कारण नाही, कारण मागे गाण्यासाठी आपल्याकडे जुने आणि आदराचे शब्द आहेत. शाहिरामागे झीलकरी असतात, कीर्तनकारामागे टाळकरी असतात, ख्यालगायकामागे तानपुरा धरून स्वरसाथ करणारा शिष्य असतो, आणि या साथीशिवाय पुढचा गाऊ शकत नाही हे सगळ्यांना मान्य असते. तुकाराम महाराजांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगात सांगितले आहे की आरंभी ते पुढे गाणाऱ्यांचे धृपद धरीत असत, तेही चित्त शुद्ध करून. ज्यांच्या अभंगांवर पुढची साडेतीनशे वर्षे इतरांनी धृपद धरले, त्यांना आपण कधी काळी मागे उभे होतो हे सांगताना संकोच वाटला नाही. घडवणाऱ्या गोष्टींत त्यांनी ती मोजली. शिवाय आपल्या मैफलींत एक प्रथा आहे, जिचे मोल आपल्याला पुरेसे कळलेले नाही. गाणे सुरू होण्यापूर्वी निवेदक तबला आणि पेटीच्या साथीदारांबरोबर तानपुऱ्यावर बसलेल्यांचीही नावे घेतो. त्यातला एखादा शिष्य तासाभरात चार वेळाच सूर लावणार असतो, तरी त्याचे नाव घेतले जाते. व्यासपीठावर जो बसला त्याला नाव आहे, हा तो नियम.

आता विरोधी बाजूचा मला सर्वांत जवळचा वाटणारा युक्तिवाद. अनपेक्षितपणे ओळखीचा आवाज कानावर पडण्यात जो आनंद असतो तो आधीच नाव वाचल्याने जातो, असे अनेक जाणकार म्हणतात. हे खरे आहे. कार्ली सायमनच्या १९७२ च्या 'यू आर सो व्हेन'मध्ये ध्रुवपद येते आणि तिच्या आवाजाखालून एक पुरुषी, जरा उद्दाम आवाज वर येतो. तो रोलिंग स्टोन्स या बँडच्या मिक जॅगरचा आहे. लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत हॅरी निल्सन हा दुसरा गुणी गायक तिच्यामागे गात होता. जॅगर आला, तिघे गायले, आणि त्या दोघांचे आवाज एकमेकांत कसे मिसळताहेत हे ऐकून निल्सन आपण होऊन बाजूला झाला. जॅगरचे नाव कुठेही छापले गेले नाही. हे न सांगता ज्याने तो आवाज ओळखला असेल त्याचा तो क्षण मला हिरावून घ्यायचा नाही. पण तो क्षण नाव दडवल्यामुळेच मिळतो काय? कॅरोल किंगच्या १९७१ च्या 'टॅपेस्ट्री'वर जोनी मिचेल आणि जेम्स टेलर एका गाण्यात मागे आहेत आणि वेष्टनावर 'मिचेल/टेलर बॉय-अँड-गर्ल क्वायर' अशी लाडिक नोंद आहे. गाणे रेडिओवर ऐकणाऱ्याला ती दिसत नाही. ज्याला कुतूहल वाटले तो वेष्टन उलटून पाहतो आणि त्याला उत्तर मिळते. ओळखण्याचा आनंद आणि पडताळण्याची सोय अशी दोन्ही तिथे नांदतात. दडवलेल्या नावात मात्र पहिली गोष्ट मिळते आणि दुसरीसाठी अफवांवर विसंबावे लागते.

शिवाय हा दडवण्याचा खेळ कोणाला परवडतो हेही पाहायला हवे. सायमनच्या गाण्यात जॅगर निनावी होता, पण त्याचा आवाज साऱ्या जगाला पाठ होता. नाव छापले नाही म्हणून त्याचे काहीच गेले नाही, उलट एक आख्यायिका त्याच्या खात्यावर जमा झाली. त्याआधी तीन वर्षे, १९६९ मध्ये, त्याच जॅगरच्या बँडला 'गिमी शेल्टर'साठी स्त्रीचा आवाज हवा होता, म्हणून लॉस एंजेलिसमध्ये रात्री उशिरा मेरी क्लेटन हिला घरून बोलावण्यात आले. ती गरोदर होती. केसांना कर्लर लावलेल्या अवस्थेत ती आली आणि तिने असा सूर लावला की तो वरच्या टोकाला अक्षरशः फाटतो, आणि तो फाटणे हाच त्या गाण्याचा आत्मा होऊन बसला. तिचे नाव वेष्टनावर आले, पण स्पेलिंग चुकीचे छापले गेले. एकाच्या बाबतीत न छापलेले नावही जगाला ठाऊक, दुसरीच्या बाबतीत छापलेले नावही धड नाही. तरीदेखील त्या चुकलेल्या अक्षरांचे महत्त्व मी कमी मानत नाही. मागे गाणाऱ्या गायिकांविषयी २०१३ मध्ये एक माहितीपट निघाला आणि क्लेटनसारख्यांकडे जगाचे पुन्हा लक्ष गेले. अशा शोधाला कुठेतरी छापलेल्या ओळीचा धागा लागतो. तो नसता तर एका अज्ञात स्त्रीचा आवाज एवढेच त्या सुराचे वर्णन उरले असते.

करारांचा मुद्दा थोडक्यात आटोपता येईल, कारण त्यात तथ्य होते पण आता फारसे उरलेले नाही. एका कंपनीशी बांधलेल्या गायकाने दुसरीसाठी गायचे नाही असे करार असत. १९६७ च्या उन्हाळ्यात बीटल्सचे थेट प्रक्षेपण होणारे गाणे गायला जॅगर कोरसमध्ये बसला, आणि बीटल्सपैकी लेनन व मॅकार्टनी रोलिंग स्टोन्सच्या 'वी लव्ह यू'मध्ये निनावी गाऊन आले. बीटल्सपैकीच जॉर्ज हॅरिसनने क्रीम या बँडच्या एका गाण्यात गिटार वाजवली तेव्हा वेष्टनावर 'लांजेलो मिस्टेरिओसो' हे टोपणनाव आले. म्हणजे कराराच्या कात्रीतही काहीतरी लिहून ठेवण्याची धडपड होती. पुढे 'अमुक कंपनीच्या सौजन्याने' अशी ओळ छापण्याची पद्धत रुळली आणि ही अडचण कागदोपत्री सुटली. सुटलेल्या अडचणीचे कारण आजही सांगत राहणे बरोबर नाही.

विक्रीसाठी वापर होतो हा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९८४ मध्ये रॉकवेल या नवख्या गायकाचे 'समबडीज वॉचिंग मी' अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले, आणि त्याच्या ध्रुवपदात मायकेल जॅक्सनचा आवाज आहे हे कोणत्याही श्रोत्याला पहिल्या ओळीतच कळत होते. नाव दिलेले नव्हते. हा नवखा गायक मोटाउन कंपनीच्या संस्थापकाचा मुलगा होता. ते गाणे जॅक्सनशिवाय इतके चालले असते असे मला वाटत नाही. मागचा आवाजच पुढच्याला खाऊन टाकतो तेव्हा साथ हा शब्द लागू होत नाही, हे आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे मी मान्य करते. पण यावरून निष्कर्ष काय काढायचा? इथे नाव न दिल्याने विक्रीचा डाव टळला नाही, उलट न दिलेले नावच सर्वांत मोठी जाहिरात ठरले. कुजबुज कायम छापील ओळीपेक्षा दूर पोहोचते. जॅक्सन मागे गायला अशी साधी नोंद असती, तर निदान ते कोणाचे यश आहे हे श्रोत्याला सरळ कळले असते.

आता जो आक्षेप मला खरोखर अस्वस्थ करतो त्याकडे येते. प्रसिद्ध गायक हौसेने मागे गायला येतो तेव्हा ज्याचे पोट त्या कामावर आहे अशा गायकाची जागा तो घेतो. निल्सन बाजूला झाला तरी त्याचे स्वतःचे अल्बम होते. रोजच्या ध्वनिमुद्रणावर जगणाऱ्या गायिकेला असे बाजूला होणे परवडत नाही. हे नाकारता येत नाही आणि मी नाकारत नाही. मात्र यावर उपाय म्हणून मोठ्यांनी मागे गाऊच नये असे म्हणणे म्हणजे पुढे आणि मागे यांच्यात कायमची भिंत बांधणे आहे, आणि ती भिंत सर्वांत जास्त मागच्यांनाच लागते. १९७४ मध्ये डेव्हिड बोवी फिलाडेल्फियात 'यंग अमेरिकन्स' या आपल्या अल्बमचे ध्वनिमुद्रण करत होता. तिथे ल्यूथर व्हँड्रॉस हा अगदी तरुण गायक मागे गायला. वेष्टनावर त्याचे नाव आले, एका गाण्याचा सहलेखक म्हणूनही आले, आणि १९८१ मध्ये तो स्वतःच्या अल्बमने उभा राहिला. याउलट डार्लीन लव्हचे पाहा. १९६२ मध्ये निर्माता फिल स्पेक्टरने तिच्याकडून 'ही'ज अ रेबेल' गाऊन घेतले, ती मुख्य गायिका होती, आणि तबकडीवर नाव टाकले क्रिस्टल्स या दुसऱ्याच गटाचे. गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. तो पहिला क्रमांक तिच्या नावावर कधीच लागला नाही. पुढे एक काळ असा आला की तिला लोकांच्या घरची साफसफाई करून पोट भरावे लागले. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश झाला तो २०११ मध्ये. दोघांचेही गळे अस्सल होते. एकाचे नाव कामाबरोबर चालत पुढे गेले, दुसरीचे काम पुढे गेले आणि नाव मागे राहिले. ज्यांना मागे गाणाऱ्यांच्या पोटाची काळजी आहे त्यांनी मोठ्या गायकांना अडवण्याऐवजी नावांचा आग्रह धरायला हवा.

यावर परंपरेचा दाखला दिला जातो: वेरूळचे कैलास लेणे कोरणाऱ्यांनी कुठे आपली नावे कोरली? हा दाखला ऐकायला भव्य वाटतो, पण नाव न कोरणे ही त्या पाथरवटांची निवड होती की त्यांना ती मुभाच नव्हती, याचे उत्तर ते लेणे देत नाही. होयसळ मंदिरांवर शिल्पकारांनी आपली नावे कोरलेली आहेत, मल्लितम्माचे तर अनेक ठिकाणी. आणि आपल्या भक्तिपरंपरेने अहंकाराविषयी जेवढे बजावले तेवढे दुसऱ्या कोणी क्वचितच बजावले असेल, तरी अभंगाच्या शेवटी नाममुद्रा ठेवण्याचा नियम तिने सोडला नाही. नामदेवांच्या घरी राबणारी जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवते, पण 'जनी' हे नाव घातल्याशिवाय अभंग संपवत नाही. तिने ते घातले नसते, तर ते अभंग आज कोणाच्या नावावर असते? नम्रता आणि निनावीपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या काळी उमगलेले होते.

नावाचा हा प्रश्न भावनेपुरता नाही. त्याला पैसा आणि कायदा जोडलेला आहे. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने उपग्रह व इंटरनेट रेडिओवर वाजणाऱ्या ध्वनिमुद्रणांसाठी जे मानधन मिळू लागले, त्याची वाटणी ठरलेली आहे: निम्मे ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलावंताला, २.५ टक्के इतर वादकांना आणि २.५ टक्के इतर गायकांना. हे शेवटचे अडीच टक्के वाटण्यासाठी स्वतंत्र निधी आहे. कोण गायले हे कुठे लिहिलेलेच नसेल तर ते पैसे कोणाच्या हाती द्यायचे? आपल्याकडची स्थिती याहून कठीण आहे. २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय कॉपीराइट कायद्यात गायकांना स्वामित्वधनाचा हक्क मिळाला, पण त्याच दुरुस्तीने 'कलावंत' या व्याख्येला एक परंतुक जोडले. चित्रपटात ज्याचा सहभाग किरकोळ वा आनुषंगिक आहे आणि धंद्याच्या नेहमीच्या रिवाजानुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीसह कुठेही दिले जात नाही, त्याला एक मर्यादित बाब सोडता कलावंत मानले जाणार नाही, असे ते परंतुक आहे. त्याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. नाव न देण्याचा रिवाज हीच हक्क नाकारण्याची एक अट झाली आहे. गोव्याहून मुंबईत येऊन हिंदी चित्रपटसंगीताला हार्मनी आणि वाद्यमेळ देणाऱ्या शेकडो वादकांची, आणि कोरसमध्ये आयुष्य घालवलेल्या गायिकांची नावे बहुतांश पडद्यावर आलीच नाहीत. तो रिवाज त्यांच्यावर लादला गेला होता, त्यांनी घातला नव्हता.

रिवाज कोण मोडू शकतो? ज्याच्यावाचून काम अडते तोच. १९४९ मध्ये 'महल'ची तबकडी निघाली तेव्हा गायिका म्हणून पडद्यावरच्या पात्राचे, म्हणजे कामिनीचे, नाव छापलेले होते. गाणारी कोण अशी विचारणा श्रोत्यांनी रेडिओकडे केली आणि लता मंगेशकर हे नाव लोकांपर्यंत गेले. पुढे त्याच लताबाईंनी, 'चोरी चोरी'च्या संगीताला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला असताना, समारंभात गायला नकार दिला, कारण पुरस्कार संगीतकाराला होता आणि पार्श्वगायकांसाठी पुरस्काराचा विभागच नव्हता. १९५९ मध्ये तो विभाग सुरू झाला. पहिला पुरस्कार त्यांना मिळाला, पण त्यानंतर तो जितक्यांना मिळाला ते सगळे त्या नकाराचे देणेकरी आहेत. नवख्या गायिकेने असा नकार दिला असता तर तिच्या जागी दुसरी बोलावली गेली असती.

म्हणून माझी अपेक्षा कंपन्यांपेक्षा त्या प्रसिद्ध गायकांकडून आहे, जे मित्राखातर किंवा गाण्याच्या ओढीने दुसऱ्याच्या मागे उभे राहतात. कोणाला किती पैसे दिले याचा हिशेब प्रत्येक ध्वनिमुद्रणात ठेवलेला असतो, तेव्हा नावे शोधण्याचे कष्टही नाहीत. ती चित्रपटाच्या श्रेयनामावलीत आणि स्पॉटिफायसारख्या सेवांवरच्या माहितीत उतरवायची एवढेच उरते. अशा गायकाने शीर्षकात आपले नाव घालू नका असे अवश्य सांगावे, पण सोबत एक अट घालावी: आत जिथे माझे नाव लिहाल तिथे माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सगळ्यांचे लिहा, त्याच आकाराच्या अक्षरांत आणि स्पेलिंग तपासून. त्याला नाही म्हणण्याची हिंमत फार थोड्यांची होईल. काही वर्षे मोठ्या नावांनी ही अट लावून धरली, तर 'यांची नावे देण्याचा रिवाज नाही' हे वाक्य त्या परंतुकाच्या आधाराला उरणार नाही.